नोकरी सांभाळून घरची तीन कामं: कॅसेट, कुंड्या आणि मोडी कागद. वेळेची आखणी कशी करावी?

अंगणवेल

नमस्कार. तीन कामं बरेच दिवस मनात आहेत. एकही पुरं होत नाही, म्हणून जाणकारांना विचारते.

एक: आजोबांची कीर्तनं आणि घरातल्या कार्यक्रमांच्या ३८ कॅसेट. त्यात ३० सी-६० (६० मिनिटांच्या) आणि ८ सी-९० (९० मिनिटांच्या) आहेत. सगळ्या संगणकावर घ्यायच्या आहेत. कॅसेट डेक चालू स्थितीत आहे, लॅपटॉप आहे.

दोन: बाल्कनीत १४ कुंड्या आहेत. १० मेपासून दहा दिवस घर बंद राहील, त्याआधी पाण्याची आपोआप सोय हवी. डोक्यात ईएसपी३२ (प्रोग्राम घालता येणारा छोटा वाय-फाय बोर्ड), मातीतल्या ओलाव्याचे सेन्सर आणि छोटा पंप असा बेत आहे.

तीन: पणजोबांचे मोडीतले कागद, अंदाजे ६० पानं. मोडी वाचायला शिकून ते देवनागरीत उतरवायचे आहेत.

वेळ असा: सोमवार ते गुरुवार रात्री ४० मिनिटं आणि शनिवारी सकाळी तीन तास. शुक्रवार-रविवार धरू नका. नोकरी हिशेबाची, त्यामुळे मार्चचे शेवटचे दोन आठवडे पूर्ण वजा. सुरुवात जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यापासून करू शकते.

तिन्ही थोडी थोडी चालवू की एकेक संपवू? आणि ४० मिनिटांत खरंच काही होतं का?

---

शनिवारकर

४० मिनिटांत भरपूर होतं, पण कोणतं काम त्या ४० मिनिटांत बसतं हे आधी पाहा. अशी कामं रखडतात ती बहुधा मांडामांड आणि आवराआवरीमुळे. सोल्डरिंग काढायचं, टेबल मोकळं करायचं, मागच्या वेळी कुठे थांबलो ते आठवायचं, यात वीस मिनिटं गेली तर कामाला उरतात दहा, कारण शेवटची दहा आवरण्यात जातात. शनिवारच्या तीन तासांतून तोच अर्धा तास गेला तर फरक पडत नाही.

तुमची तीन कामं तीन वेगळ्या जातींची आहेत, आणि हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे.

कॅसेटचं काम यंत्राचं. सी-६०ची एक बाजू ३० मिनिटांची. पाच मिनिटं लावायला, पाच फाइल जतन करून नोंद करायला, म्हणजे बरोबर ४०. सी-९०ची बाजू ४५ मिनिटांची, ती रात्री बसणार नाही. तिला शनिवार.

कुंड्यांचं काम हाताचं. जागा लागते, पसारा होतो, भिजतं. ते फक्त शनिवारी.

मोडीचं काम सवयीचं. रोज वीस मिनिटं अक्षरं गिरवली तर महिन्यात हात आणि डोळा दोन्ही बसतात. आठवड्यातून एकदा तीन तास बसलात तर पुढच्या शनिवारी अर्धं विसरलेलं असेल. त्याला रात्रीचा वेळ लागणार, आणि तो तर कॅसेटला दिलाय. म्हणून मोडी आत्ता सुरूच करू नका. जूनमध्ये करा.

आता हिशेब. सी-६०च्या ६० बाजू, सी-९०च्या १६ बाजू. रात्री रोज एक, आठवड्याला चार. शनिवारी सी-९०च्या दोन बाजू (दीड तास). आठ आठवड्यांत सी-९० संपतात आणि सी-६०च्या ३२ बाजू होतात. उरल्या २८. तिथून शनिवारीही सी-६०च्या तीन बाजू घेतल्या की आठवड्याला सात, म्हणजे आणखी चार आठवडे. एकूण बारा. मार्चअखेरचे दोन मिळवा, आजारपण-पाहुणे-होळी-पाडव्यासाठी दोन मिळवा. सोळा. मेच्या पहिल्या आठवड्यात संपेल. हे दोन राखीव आठवडे पहिल्याच दिवशी दिनदर्शिकेत मांडून ठेवा. ते नंतर सापडत नाहीत.

पावसाळ्याआधी कॅसेट संपवण्याला आणखी एक कारण आहे. दमट हवेत जुन्या पट्टीवर बुरशी धरते. कुंड्यांची मुदत १० मे. मोडीच्या कागदांना मुदत नाही, फक्त ते कोरडे राहिले पाहिजेत.

रोज उठण्याआधी शेवटच्या दोन मिनिटांत पुढची कृती लिहा, आणि ती इतकी बारीक लिहा की दुसऱ्याच्या हातात चिठ्ठी दिली तरी काम सुरू होईल. ‘कॅसेटचं बघणे’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘क्र. १२, बी बाजू, गुंडाळून ठेवली आहे, पातळी तीच ठेवायची’ ही नोंद चालते. साधी वही पुरे. कामांची यादी ठेवायचं ॲप आणलंत की पहिले दोन आठवडे ते ॲप सजवण्यात जातील.

---

चुंबकपट्टी

वरच्या वेळापत्रकाला सहमत. मात्र पहिला आठवडा एकही कॅसेट ध्वनिमुद्रित करू नका. तो तयारीचा धरा, नाहीतर पंधराव्या कॅसेटला लक्षात येईल की सगळं पुन्हा करायला हवं. राखीव दोनांपैकी एक आठवडा इथेच खर्च होऊ द्या.

पहिलं काम, सर्वांत आधी: प्रत्येक कॅसेटच्या वरच्या कडेला प्लास्टिकच्या दोन चिपा असतात. त्या शाबूत असतील तर मोडून टाका. त्या असताना चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर आजोबांचा आवाज पुसला जाईल. ३८ कॅसेटना दहा मिनिटं लागतात.

दुसरं, जोडणी. डेकच्या मागच्या लाइन आउटमधून (ठरावीक पातळीचा आवाज बाहेर देणारी खाच) वायर काढा, हेडफोनच्या जागेतून नको. लॅपटॉपला एकच गोल खाच असेल तर ती बहुधा हेडफोन आणि मायक्रोफोनची एकत्र असते आणि आवाज आत घेण्यापुरती ती मोनो असते. तिथे लाइनचा सिग्नल दिला की आवाज फाटतो. स्टिरिओ लाइन इन असलेला यूएसबी ऑडिओ इंटरफेस (आवाज संगणकात घेणारी डबी) घ्या. खरेदीच्या वेळी ‘लाइन इन’ हे शब्द पाहून घ्या, कारण अगदी स्वस्त यूएसबी साउंड कार्डांवरही बहुधा फक्त माइकचीच खाच असते. रेकॉर्ड करताना घूंऽऽ असा आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. बहुतेक वेळा तो तिथूनच येतो.

तिसरं, सफाई. हेड आणि धातूचा कॅप्स्टन (पट्टी पुढे खेचणारा बारीक दांडा) आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या कापसाच्या काडीने पुसा, काडी तपकिरी यायची थांबेपर्यंत. रबरी रोलरला साबणाच्या पाण्याचा ओलसर बोळा बरा, अल्कोहोल वारंवार लावलं की रबर कडक होतं. दर पाच-सहा कॅसेटनंतर पुन्हा पुसा. जुनी पट्टी भुकटी सोडते आणि आवाज हळूहळू बसका होत जातो, तो फरक रोज ऐकणाऱ्याच्या कानाला कळत नाही.

चौथं, आणि याचा थेट संबंध आखणीशी आहे: कॅसेट तारखेनुसार लावू नका, त्या कोणत्या टेपरेकॉर्डरवर भरल्या होत्या त्यानुसार गठ्ठे करा. प्रत्येक यंत्राच्या हेडचा कोन किंचित वेगळा असतो. तुमच्या डेकचा कोन जुळला नाही तर आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी हळू, पाव फेऱ्याहून कमी फिरवत टाळ-चिपळ्यांचा आवाज सर्वांत स्वच्छ कुठे येतो ते ऐका आणि तिथे थांबा. मूळ जागेची खूण आधी करून ठेवा. गठ्ठे केलेले असतील तर हे काम गठ्ठ्यागणिक एकदाच करावं लागतं. रोज कॅसेटपरत्वे करत बसलात तर तुमचे ४० मिनिटांचे गणित मोडेल.

रोजचा क्रम असा ठेवा. वर्षानुवर्षं पडून असलेली कॅसेट आधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे पळवा. पट्टी गुंडाळीत चिकटलेली असते, ती सुटते आणि वेग सारखा राहतो. हे आदल्या रात्री, आवरता आवरता करून ठेवायचं. मग ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्राममध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाणार नाही. कीर्तनात गजराला आवाज एकदम चढतो, म्हणून सुरुवातीचं निरूपण ऐकून पातळी ठरवू नका, मधला एखादा गजर शोधून ठरवा.

या मापाने तासाला साधारण १ जीबी जागा लागते. तुमचा एकूण ऐवज ४२ तासांचा, म्हणजे ४४ जीबीच्या आसपास. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी. नातेवाइकांना वाटायला एमपी३ नंतर एका झटक्यात सगळ्यांच्या करता येतात, रोज एकेक करत बसू नका.

खरखर काढण्याचं काम आत्ता अजिबात नको. एक तर त्यात कितीही वेळ जातो. दुसरं, खरखर काढणारा प्रोग्राम टाळांचा झणत्कार आणि स-श-च यांसारखे वर्ण खरखर समजून खातो. मूळ प्रत जशी आहे तशी ठेवा, सफाई कधीही करता येईल.

अडचणीच्या कॅसेटसाठी वेगळा डबा करा. पट्टी तुटलेली, दाब देणारी कापडाची गादी निखळलेली, बुरशी दिसणारी, अशी कॅसेट हातात आली की त्या रात्री तिच्याशी झटापट करायची नाही. डब्यात टाका, पुढची घ्या. पाच-सहा साठल्या की एका शनिवारी एकदम. गादी गेली असेल तर स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटमध्ये पट्टीची रिळं हलवता येतात. तुटलेली पट्टी जोडायला स्प्लायसिंग टेपच वापरा. साध्या सेलोटेपचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारचे वेढे चिकटवतो. बुरशीवाली कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालूच नका, बुरशी हेडवरून पुढच्या कॅसेटवर जाते.

---

गच्चीबाग

कुंड्यांबद्दल. ईएसपी३२ आणि सेन्सर बाजूला ठेवा आणि आधी पाणी मोजा.

मे महिन्यात दहा-बारा इंची कुंडीला दिवसाला अर्धा लिटर तरी लागतं, ऊन थेट येत असेल तर पाऊण. अर्धा धरला तरी १४ कुंड्यांचे दिवसाला ७ लिटर, दहा दिवसांचे ७० लिटर. वीस लिटरची बादली तिसऱ्या दिवशी कोरडी. म्हणजे तुमचा प्रश्न आहे पाणी साठवण्याचा, प्रोग्रामिंगचा नाही. १०० लिटरचं झाकणाचं पिंप घ्या. भरल्यावर ते १०० किलोच्या वर जातं, म्हणून बाल्कनीच्या कठड्याकडे न ठेवता घराच्या भिंतीला लागून ठेवा. झाकण घट्ट हवं, डासांसाठी.

दुसरी गोष्ट दाबाची. सेन्सरच्या किटमध्ये मिळणारा ३ ते ६ व्होल्टचा पंप पाणी जेमतेम मीटरभर चढवतो. ठिबकच्या दुकानातले ताशी २ किंवा ४ लिटरचे ड्रिपर (थेंब थेंब पाणी सोडणारी तोंडं) साधारण एक किलो दाबाला, म्हणजे दहा मीटर उंचीच्या पाण्याला बनवलेले. या दोघांची जोडी लावली की जवळच्या दोन कुंड्या भिजतात आणि लांबच्या वाळतात. लोक मग सेन्सर बदलत बसतात.

सोपी जुळणी: कूलरचा छोटा पंप, १६ मिलिमीटरची लॅटरल (ठिबकची मुख्य नळी), तिला टोकाला एंड कॅप, आणि प्रत्येक कुंडीला ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब, ड्रिपरशिवाय. सगळ्या ट्यूब एकाच लांबीच्या कापा, जवळच्या कुंडीचीही. जादाची वळसा घालून ठेवा. लांबी सारखी असली की पाणी जवळपास सारखं पडतं. टांगलेल्या कुंडीला उंचीमुळे कमी जातं, तिची ट्यूब आखूड करा.

पंप २३० व्होल्टचा आणि पाण्यात, त्यामुळे तो बोर्ड ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा तोडणारं बटण) असलाच पाहिजे. घरात नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या. हे टाळता येणार नाही.

टायमर डिजिटल घ्या, एक मिनिटाच्या टप्प्याचा आणि आत बॅटरी असलेला. चकतीवाल्या टायमरचा लहानात लहान टप्पा १५ मिनिटांचा असतो, तेवढ्यात पिंप रिकामं होईल. शिवाय वीज गेली की तो थांबतो आणि तेवढाच मागे पडतो.

शनिवारांची वाटणी: पहिल्या शनिवारी मापी मगाने हाताने पाणी घालून कोणत्या कुंडीला किती लागतं ते मोजा आणि अंतरं मोजून यादी करा. दुसऱ्या शनिवारी खरेदी. पाइप-ट्यूब ठिबकच्या दुकानात मिळतील, टायमर-पंपासाठी पुण्यात असाल तर तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. रविवारी तिथली बरीचशी दुकानं बंद असतात. जोडणीचे तुकडे दोन-तीन जास्त आणा, एका तुकड्यापायी पुढचा शनिवार जायला नको. तिसऱ्याला पाइप, चौथ्याला पंप आणि चाचणी.

---

निळावंती

एक धोक्याची सूचना. शनिवारी कॅसेट वाजत असताना बाल्कनीत पाइप जोडणं चालेल, पण आवाज कानावर येईल इतक्याच अंतरावर राहा. जुनी पट्टी अडकली आणि डेक थांबला नाही तर मिनिटभरात जवळजवळ तीन मीटर पट्टी रोलरभोवती गुंडाळली जाते.

आणि रेकॉर्डिंग चालू असताना त्याच लॅपटॉपवर दुसरं जड काम करू नका. व्हिडिओ, प्रोग्राम कंपाइल करणं, सिस्टिमचं अपडेट, यातल्या कशानेही मधले क्षणार्धाचे तुकडे गळतात. लाटेच्या चित्रात ते दिसतही नाहीत, ऐकताना एक अक्षर कापल्यासारखं वाटतं. अपडेट थांबवा, वाय-फाय बंद करा, लॅपटॉप झोपी जाण्याची वेळ ‘कधीच नाही’वर ठेवा.

---

रेखांश

मोडी जूनपर्यंत पुढे ढकलायला हरकत नाही, फक्त एक शनिवार कागदांचे फोटो काढायला द्या, तोही पावसाळ्याआधी. खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश न वापरता, कॅमेरा कागदाला समांतर, बाजूला एक पट्टी ठेवून म्हणजे आकार कळतो. मागची बाजूही घ्या, तिथे अनेकदा शेरे आणि तारखा असतात. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टीही लावू नका.

शिकायला सुरुवात कराल तेव्हा तुमच्या कागदांपासून करू नका. आधी छापील किंवा वळणदार मोडी, रोज वीस मिनिटं, वाचण्याइतकंच लिहिण्यावर भर देऊन. मोडीत शब्द सुटे लिहिलेले नसतात, विरामचिन्हं नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो. त्यामुळे अक्षरं ओळखता आली तरी ओळ लागत नाही. ओळ लागते ती मायन्याची आणि ठरावीक शब्दांची ओळख झाल्यावर. साठ पानांत खरेदीखतं आणि पावत्या असतील तर त्या आधी घ्या, त्यांची भाषा ठरावीक असते. खासगी पत्रं शेवटी. सुरुवातीला दिवसाला चार ओळी उतरल्या तरी उत्तम गती आहे.

---

अंगणवेल

सगळ्यांचे मनापासून आभार. हे सगळं वहीत उतरवून घेते. दोन शंका. पिंप कुंड्यांपेक्षा उंच ठेवावं लागणार आहे, खाली जागा नाही. चालेल का? आणि ओलाव्याचे सेन्सर कायमचेच सोडून द्यायचे का? शिकायची हौस होती.

---

गच्चीबाग

पिंप उंच असेल तर पंप बंद झाल्यावरही पाणी वाहत राहील. ट्यूबची टोकं पिंपातल्या पातळीच्या खाली आहेत, त्यामुळे एकदा धार लागली की वक्रनलिकेने सगळं पिंप रिकामं होतं. उपाय: पंपातून निघणारा पाइप पिंपाच्या तोंडापेक्षा वर न्या, आणि त्या सर्वांत उंच वळणावर, पिंपाच्या आतल्या बाजूला, दीड-दोन मिलिमीटरचं भोक पाडा. पंप चालू असताना तिथून थोडं पाणी परत पिंपातच पडेल. बंद झाला की तिथून हवा शिरून धार तुटेल. हे भोक महिन्यातून एकदा टाचणीने मोकळं करायचं, क्षाराने बुजतं.

सेन्सर सोडू नका, फक्त त्यांच्या हाती पंप देऊ नका. जूननंतर पाऊस असतो, कुंड्यांना धोका नसतो, तेव्हा ईएसपी३२ नुसता नोंदी घेण्यासाठी लावा. कपॅसिटिव्ह सेन्सर (ज्यांचा धातू मातीला थेट लागत नाही) घ्या, दोन उघड्या काट्यांचे गंजतात. सेन्सरची वायर बोर्डावरच्या जीपीआयओ ३२ ते ३९ या पिनांपैकी एकीला जोडा, वाय-फाय चालू असताना दुसऱ्या गटातल्या पिना हे मोजमाप करत नाहीत. सेन्सरच्या वरच्या टोकाला आणि कापलेल्या कडांना नेलपॉलिश लावून बंद करा, नाहीतर ओल आत शिरून आकडे भरकटतात. प्रत्येक सेन्सरचा कोरड्या मातीतला आणि भिजल्या मातीतला आकडा वेगवेगळा लिहून ठेवा, दोन सेन्सर कधी सारखे नसतात. महिनाभराच्या नोंदी पाहून मग पंप जोडायचा की नाही ते ठरवा. जोडलात तर एका वेळी दोन मिनिटांपेक्षा जास्त पंप चालणारच नाही अशी मर्यादा प्रोग्राममध्ये घाला.

मेच्या सोयीची चाचणी मात्र फेब्रुवारीअखेर संपवू नका, एप्रिलमध्ये पुन्हा करा. तेव्हाचं ऊन मेच्या जवळचं असतं. तीन दिवस घरात असूनही कुंड्यांना हात लावायचा नाही. पिंपावर रोज सकाळी पाण्याच्या पातळीची रेघ मारा. तीन दिवसांत २१ लिटरच्या आसपास उतरलं तर ठीक. ३० उतरलं तर टायमरची मिनिटं कमी करा किंवा शेजाऱ्यांना सहाव्या दिवशी पिंप भरायला सांगून ठेवा.